हॉटन लेक आणि दोन सेल

मंडळाच्या अंकाचं काम यंदा ज्या काकूंकडे आहे, त्यांचा मला फोन आला. "श्रीकांत, हिवाळ्यात तुम्ही ते बर्फावर मासे पकडायला गेला होतात ना, त्यावर लिहा. हलकंफुलकं. आपल्या लोकांना तिकडचं काही माहीत नसतं." मी हो म्हटलं. पुढे तीन आठवडे एक अक्षर उतरलं नाही, कारण त्या सहलीत हलकंफुलकं फारसं नव्हतं. त्या सहलीत माझ्या सासऱ्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची शेवटची पेरं गेली, तर्जनीचं आणि मधल्या बोटाचं. ते लपवून थालीपिठाच्या गमती लिहिण्याइतका निगरगट्ट मी अजून झालेलो नाही. थोडाफार झालोय, ते पुढे कळेलच.

ट्रॉय

सासरे म्हणजे अप्पा. सातारा जिल्ह्यातले. जमीन मोजण्याच्या सरकारी नोकरीत जन्म गेला. साखळी, झेंड्या आणि खांद्याला नकाशाची नळी घेऊन लोकांच्या बांधाबांधानं हिंडले. सासूबाई गेल्यावर पहिल्यांदाच सहा महिन्यांसाठी आमच्याकडे, मिशिगनमधल्या ट्रॉयला आले, आणि येताना बॅगेत कपड्यांपेक्षा जास्त कागद, टाक आणि काळ्या शाईच्या बाटल्या घेऊन आले. गावाचा नकाशा काढत होते. सरकारी नकाशात नसतं ते सगळं त्यात घालायचं होतं. कोणत्या विहिरीला कोणाचं नाव, कुठल्या बांधावर कोणती बाभूळ होती, जुनी पाणंद कुठून जायची. रोज सकाळी दहाला आमच्या डायनिंग टेबलाशी बसायचे ते दुपारी वरण-भात वाढेपर्यंत. हात असा स्थिर की केसाएवढी रेघ यायची. "हा पुरा झाला की मी मोकळा," असं म्हणायचे.

जानेवारीत त्यांनी टीव्हीवर गोठलेलं तळं पाहिलं. त्यावर माणसं खुर्च्या टाकून बसलेली. अप्पा चष्मा पुसून म्हणाले, "श्रीकांतराव, आम्ही आयुष्यभर तळ्यांच्या कडेकडेनं हिंडलो. मोजणी काठानं करायची आणि मध्ये निळा रंग भरून द्यायचा. मधोमध उभा कधी राहिलो नाही. इथं राहता येतं होय?"

माणूस स्वतःसाठी कधी काही मागत नाही, त्यानं एवढं मागितलं. मी म्हटलं, जाऊ. आणि इथपर्यंत सगळं छान होतं. मग माझ्या बायकोनं, वृंदानं, ही गोष्ट टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला, तिच्या बहिणीला सांगितली, आणि बहिणीच्या नवऱ्यानं जाहीर केलं की मीही येतो.

साडू हे नातं ज्यानं काढलं त्याला नमस्कार. ना भाऊ ना मित्र, आणि सासऱ्यांसमोर जन्मभर शेजारी शेजारी उभं राहून उंची मोजून घ्यायची. मंदार माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, घर माझ्यापेक्षा मोठं, आणि बोलायला गोड. राग यावा असं काही करत नाही, हाच त्याचा मोठा दोष.

आता या बर्फावर जायचं तर जीपीएस हवं. तळं प्रचंड, काठ सपाट, बर्फाचं वादळ उठलं की सगळं पांढरं. हातात धरायचं एक यंत्र मिळतं, त्यात गाडी लावली ती जागा नोंदवायची आणि येताना बाण दाखवेल तिकडे चालायचं. माझं पोट गाडीतल्या नकाशांच्या सॉफ्टवेअरवर चालतं. त्यामुळे यंत्र निवडायचं काम माझं, यात मला तरी शंका नव्हती. मी तक्ता केला. चौदा यंत्रं, बावीस रकाने. दुकानांतून हिंडून हातात धरून पाहिली. वृंदा म्हणाली, "अहो, मुलीचं लग्न ठरवताय का?" शेवटी मी एक मोठ्या रंगीत पडद्याचं, बोटानं सरकवायचं यंत्र पक्कं केलं. तळ्याची खोलीसुद्धा दाखवायचं ते.

मंदारचा फोन आला. "यार श्रीकांत, हातमोजे घालून टच कसा करणार? मी जरा फोरम्सवर वाचलं. बटणंवालं घेऊ या. आणि लिथियमचे सेल. साधे सेल थंडीत बसतात म्हणे."

फ्रिस्कोत पाणी गोठतं ते फक्त फ्रीजमध्ये. तिथला माणूस मला मिशिगनची थंडी शिकवणार! मी म्हटलं, "बघू." तो येताना यंत्र घेऊनच आला. नारिंगी, रबरी, जाडजूड, पडदा काड्यापेटीएवढा. जुन्या पोलिसाच्या हातातलं वायरलेस वाटावं असं. सोबत लिथियमच्या दोन सेलचं नवं पाकीट. त्यानं ते फोडून सेल घातले, चालू करून दाखवलं आणि अप्पांच्या हातात दिलं. अप्पांनी जाड मोजा चढवून सगळी बटणं दाबून पाहिली आणि म्हणाले, "मंदाररावांनी विचार केलाय."

बस. बावीस रकान्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

निघायच्या दिवशी सकाळी सामानाची जबाबदारी माझी होती. चहा उकळत होता. यंत्र हातात घेतलं आणि मी जे केलं ते आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. माझी आई नागपूरला रेडिओचे सेल उन्हात ठेवून पुन्हा वापरायची. नवे सेल कपाटात, जुने आधी संपवायचे. पाहुण्यांचा टॉवेल वेगळा, पाहुण्यांचे कप वेगळे, चांगली वस्तू 'कधीतरी' लागेल म्हणून जपायची, आणि तो कधीतरी येईपर्यंत वस्तूही म्हातारी आणि आपणही. इथं येऊन वीस वर्षं झाली, ती सवय काही सुटली नाही. मी सेलवर मार्करनं लिहूनही ठेवतो, कुठले ते कळावं म्हणून. ड्रॉवरमध्ये दिवाळीच्या दिव्यांच्या माळेतून काढलेले दोन साधे सेल होते. 'दिवाळी' असं माझ्याच अक्षरात लिहिलेले. मंदारचे नवे कोरे लिथियम काढले, ड्रॉवरमध्ये ठेवले, आणि हे घातले. चालू केलं, पडद्यावर चार्जची पट्टी जवळजवळ भरलेली. झालं तर मग. एक दिवसाचं तर काम.

ती नुसती सवय होती, की त्यात 'मंदाररावांनी विचार केलाय'चा कडूपणाही होता, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. उत्तर दर वेळी वेगळं येतं, म्हणजे काय ते समजा.

वाटेतलं दुकान

ट्रॉयहून उत्तरेला तीनेक तास. मोटारींचे कारखाने आणि मॉल मागे पडले की नुसते देवदार आणि बर्फ. मंदार मागच्या सीटवरून अप्पांना टेक्सासच्या उन्हाळ्याचं वर्णन ऐकवत होता, आणि अप्पा गाडीच्या खिडकीतून शेतांच्या कडा बघत होते. "इथं बांध नाहीत," ते मध्येच म्हणाले. "भांडायचं कशावरून मग?"

हॉटन लेक या आमच्या तळ्याच्या अलीकडे आमिषाचं दुकान लागलं. एकाच फ्रीजमध्ये वरच्या फळीवर अंडी-चीजचे सँडविच आणि खालच्या फळीवर वळवळत्या अळ्यांच्या डब्या. वृंदा असती तर तिथूनच परतली असती. दुकान चालवणारी रूथ नावाची सत्तरीची बाई. आमच्याकडे गल्ल्यावर बसलेला माणूस आधी तुमचं गाव विचारतो. हिनं आधी आमचे बूट पाहिले, मग अप्पांचे मोजे, आणि अप्पांना आतून लोकर असलेले दुसरे मोजे घ्यायला लावले. मग म्हणाली, "जीपीएस दाखवा."

मंदारनं दाखवलं. "हं, हे चालेल. बटणं आहेत. सेल लिथियमचे ना?"

"येस मॅम," मंदार अभिमानानं म्हणाला.

मी समोरच्या गळांकडे बघत होतो. त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर तिच्याच दुकानात सेल टांगलेले होते, हाताच्या अंतरावर. पण मंदारसमोर, आणि अप्पांसमोर, 'मी काढले' म्हणायचं? मी म्हटलं, जाऊ दे, सकाळी तर पट्टी भरलेली होती.

रूथनं लाल चिंध्या बांधलेल्या बांबूच्या काठ्यांचा भारा दाखवला. "जाताना शंभर-शंभर पावलांवर रोवत जा. यंत्र मरतं, काठी मरत नाही."

अप्पांचा चेहरा उजळला. हे तर त्यांच्या नोकरीतलंच! "श्रीकांतराव, घेऊ या का? आम्ही झेंड्या अशाच रोवायचो."

"अप्पा, हे काय गावचं शिवार आहे? डोक्यावर सॅटेलाइट आहेत," मी हसून म्हटलं. मंदारही हसला. अप्पांनी काठ्या परत जागेवर ठेवल्या. मुलगा असतो तर त्यांनी माझा कान धरला असता. जावयाला कोण बोलणार? जावई म्हणजे दशमग्रह, हे आपण हसत हसत म्हणतो.

तळ्यावर

तळ्याचं मला वर्णन करता येईल की नाही ठाऊक नाही. दहीभाताचं ताट असावं तसं पांढरं, आणि त्यावर दूर दूर लाकडी खोपटी आणि तंबू. लोक गाड्यासुद्धा बर्फावर नेतात. आमची हिंमत झाली नाही, ती काठाला लावली. मंदारनं यंत्रात गाडीची जागा नोंदवली. माझा फोन मी वाटभर रस्ता दाखवून थकलेला म्हणून गाडीतच चार्जिंगला लावून ठेवला. घसरगाडीवर तंबू, गिरमिट, डबे लादले आणि मैलभर आत चालत गेलो.

बर्फाला भोक पाडायचं गिरमिट म्हणजे आपल्या सुताराचंच, फक्त पुरुषभर उंच. भोक पडलं की वर येणारा बर्फाचा चुरा काढायला झारा मिळतो, अगदी जिलबीचा झारा. अप्पा पोटभर हसले. शेजारच्या खोपटातल्या म्हाताऱ्यानं लांबून हात केला, एवढीच त्याची ओळख. आपल्याकडे एव्हाना त्यानं येऊन आपला गळ कसा चुकतोय ते सांगितलं असतं. तासाभरानं मात्र तो न बोलता तीन कप कॉफी घेऊन आला, आणि तसाच निघून गेला.

थालीपिठं डब्यात लाकडासारखी झाली होती. ती स्टोव्हवर धरून खाल्ली, ठेच्यासकट. मंदारला पर्च जातीचे दोन मासे लागले, मला एक, अप्पांना एकही नाही. अप्पांना मासा नकोच होता. ते तंबूबाहेर जाऊन उभे राहिले, चहूकडे सावकाश फिरले, आणि पायानं बर्फावर ठोकून म्हणाले, "निळ्या रंगात उभा आहे मी. तिला सांगायला हवं होतं." तिला म्हणजे सासूबाईंना. सहल तिथं संपली असती तर किती बरं झालं असतं!

दुपारी दोनला वारा फिरला आणि पलीकडचा काठ दिसेनासा झाला. शेजारचा म्हातारा कधीच आवरून गेला होता. मंदार म्हणाला, "निघू या, बाण आहे ना." खरं तर तंबूतच बसून राहायचं असतं. हे आम्हाला नंतर रूथनं सांगितलं, डोक्याला हात लावून. आम्ही तंबू गुंडाळला, यंत्र मंदारच्या हातात, आणि चालायला लागलो. दहा मिनिटं बाणानं नीट नेलं. तोवर समोरचं माणूस दिसेना इतका बर्फ. मग मंदार थांबला.

"बंद पडलं."

"कसं बंद पडेल?" मी ओरडलो. ओरडायचा हक्क मला नव्हता.

"यार, नवे सेल आहेत, लिथियम आहेत! कसं..." त्यानं यंत्र झटकलं, छातीशी धरलं, पुन्हा बटण दाबलं. पडदा काळा. त्याचा फोन दिवसभर व्हिडिओ काढून थंडीत मेलेला. आमची पावलं बर्फानं केव्हाच पुसली होती.

अप्पा म्हणाले, "थांबा. दिशा हरवली की पाऊल टाकायचं नाही." आम्ही थांबलो नाही. मी म्हटलं, काठ उजवीकडे आहे. मंदार म्हणाला, सरळ. दोघं दोन जावई, म्हाताऱ्याला मध्ये घेऊन, तासभर भांडत भांडत गोल फिरलो. गोल फिरलो हे कळलं, कारण आमचंच भोक पुन्हा सापडलं. मंदारला रडू फुटलं. "माझ्यामुळे झालं. मी हे डबडं आणलं."

आणि मी गप्प बसलो. मैलभर बर्फात, मरणाच्या दारात, मला पहिलं काय वाटलं सांगू? बरं झालं, असं वाटलं. मंदाररावांनी विचार केलाय. याची लाज मला तिथं वाटली नाही, नंतर वाटली.

अप्पांनी हात पुढे केला. "द्या ते यंत्र इकडे." वाऱ्याकडे पाठ करून ते खाली बसले आणि त्यांनी उजव्या हाताचा मोजा काढला. मोज्यानं ते बारीक झाकण उघडत नव्हतं. सेल बाहेर काढले, एकेक करून जवळ धरून पाहिले, मग तळव्यात घेऊन चोळले, काखेत धरले, पुन्हा चोळले. मोजणीच्या वेळी बॅटरी बसली की असंच करायचे म्हणे. "अप्पा, मोजा घाला," मी म्हणत होतो, आणि पुढे होऊन माझा हात देत नव्हतो, कारण ते सेल माझ्या हातात यायला नको होते. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं तो उघडा हात त्या वाऱ्यात. मग त्यांनी सेल घातले. पडदा उजळला. अर्धं मिनिट बाण दिसला, आणि गेला.

अप्पांना अर्धं मिनिट पुरलं. ते उठले, बाणाच्या दिशेला तोंड केलं, वारा कुठं लागतोय ते पाहिलं. "वारा डाव्या गालावर. गाल बदलायचा नाही. माझ्यामागे या." पाऊण तास आम्ही त्यांच्या पाठीमागे चाललो. पायाखाली वाळकं गवत लागलं तेव्हा मंदार तिथंच गुडघ्यावर बसला. गाडी दीडशे पावलांवर होती.

गाडीत हीटरसमोर अप्पांनी हात धरला तेव्हा दोन बोटं मेणासारखी पांढरी होती. "दुखत नाहीत," ते म्हणाले. दुखत नाहीत, हेच वाईट असतं.

परत

डॉक्टर अशा बोटांना लगेच हात लावत नाहीत. काय जगतं, काय नाही, ते आठवडे आठवडे बघत राहतात. बोटं काळी पडत गेली, आणि डायनिंग टेबलावर तो नकाशा तसाच पसरलेला. वृंदानं गुंडाळू दिला नाही. शेवटी पेरं काढावी लागली. पट्टी सुटल्यावर अप्पांनी टाक धरून पाहिला, एक रेघ मारली, ती पाहिली, आणि टाक धुऊन डबीत ठेवला. नकाशात वरची अर्धी पाणंद आली आहे, खालची नाही.

दोष कोणाचा, हे घरात केव्हाच ठरलं होतं. वृंदा मंदारशी बोलेना. "ह्यांनी किती अभ्यास करून निवडलं होतं. पण याला शहाणपणा मिरवायचा होता," असं ती बहिणीला फोनवर म्हणाली, आणि दोघी बहिणींत तेव्हापासून सणावाराच्या शुभेच्छांपुरतंच आहे. मंदार हॉस्पिटलमध्ये माझा हात धरून म्हणाला, "श्रीकांत, यार, मी तुझं ऐकायला हवं होतं." मी त्याच्या पाठीवर थोपटलं. हो, थोपटलं! यंत्र त्यानं फ्रिस्कोला जाऊन कचऱ्यात टाकलं. मला वाटलं, संपलं.

अप्पांना सोडायला डेट्रॉइटच्या विमानतळावर गेलो. व्हीलचेअरवाला येईपर्यंत वृंदा त्यांच्यासाठी पाणी आणायला गेली. अप्पांनी डाव्या हातानं कोटाच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून माझ्या हातात ठेवली. सोडली तर आत दोन सेल. 'दिवाळी'. माझं अक्षर, माझा मार्कर.

काठावर पोचताना त्यांनी ते यंत्रातून काढून घेतले होते. रिकामं यंत्र मंदारला परत दिलं होतं, त्यानं पाहू नये म्हणून. बोटं गळत असताना, नकाशा पडून असताना, माझी बायको आणि तिची बहीण भांडत असताना, तीन महिने हे सेल त्यांच्या खिशात होते आणि मी रोज सकाळी त्यांना चहा देत होतो.

"अप्पा..." मी म्हटलं.

"तुमचे आहेत, श्रीकांतराव. वाया गेलेलं तुम्हाला आवडत नाही." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मंदाररावांना मी काही सांगितलं नाही. ते तुम्ही सांगायचं. मला वाटलं, सांगाल."

तेवढ्यात वृंदा पाणी घेऊन आली. अप्पांनी उरलेल्या बोटांनी तिच्या गालावरून हात फिरवला, आणि गेले. परत येताना गाडीत ती रडत होती. म्हणाली, "त्या मंदारला जन्मभर माफ करणार नाही मी." मी म्हटलं, "हं."

काकू, हलकंफुलकं जमलं नाही, माफ करा. पण हे असंच छापा, कारण अंक फ्रिस्कोलाही जातो, आणि फोन हातात घेऊन नंबर लावायचं धैर्य माझ्यात या सहा महिन्यांत आलेलं नाही. घरी वृंदाला हे मी आज संध्याकाळी वाचून दाखवणार आहे.

मंदार, तुझं यंत्र चांगलं होतं. तुझे लिथियमचे सेल माझ्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये आहेत, नवेच्या नवे.